वहीबाईची चुकलेली नोंद

चहाचा कप अर्धा भरलेला होता की पाऊण, यावरून पन्नास माणसांशी एकटी भांडणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर तुम्ही वहीबाईला पाहिलेलंच नाही.

तिचं काम काय ते आधी सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. टीव्हीवरची मालिका आपण ज्या क्रमाने पाहतो त्या क्रमाने तिचं शूटिंग होत नाही. बाई दार उघडून बाहेर पडते ते आज, आणि जिन्यावर पाऊल टाकते ते तीन आठवड्यांनी, कारण दार एका जागी आणि जिना दुसऱ्याच. मधल्या तीन आठवड्यांत तिची पर्स डाव्या हातातून उजव्या हातात जायला नको, केसांतली पिन हरवायला नको, की बोटाला बांधलेली पट्टी सुटायला नको. ते सगळं बघायचं, लिहून ठेवायचं आणि कुणी चुकलं की आरडाओरडा करायचा, याला तिथे कंटिन्युटी म्हणतात. आता सगळेजण मोबाइलवर फोटो काढतात. वहीबाई फोटोही काढायची आणि वहीतही लिहायची. ‘फोटोला मागची बाजू नसते,’ असं तिचं म्हणणं. म्हणून ती वहीबाई. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तिथेच राहिलं.

या धंद्यात ती शिरली तीही भांडूनच. वीस वर्षांपूर्वी शाळेच्या कचेरीत कारकून होती. ती राहायची तिथला खालच्या मजल्यावरचा शिंपी मालिकांचे कपडे शिवायचा. एकदा त्याची विसरलेली पिशवी द्यायला म्हणून ती सेटवर गेली आणि कोपऱ्यात उभी राहून म्हणाली, “अहो, ह्यांचं घड्याळ मघाशी दुसऱ्या मनगटावर होतं की!” सगळे तिच्यावर खेकसले. मग पाहिलं तर खरंच तसं. दुसऱ्या दिवशी तिला बोलावणं आलं.

वीस वर्षांत एक चूक नाही. ही बढाई तिची नव्हे, लोकच सांगायचे. आणि चूक झाली ती नेमकी त्या कोटाच्या बटणाची.

त्या वर्षी एका जाडजूड कादंबरीवरून मालिका निघाली होती. कादंबरी जुनी, लिहिणाऱ्या बाई वारलेल्या, म्हणजे काही विचारायची सोय नाही. कादंबरीतली बाई मोठी टापटिपीची. पडद्याची चूण वाकडी दिसली तर घास खाली ठेवून उठणार आणि आधी ती सरळ करणार. नवरा चांगला, दारू नाही, मारझोड नाही. सासू केव्हाच वर गेलेली. पाच वर्षांची गोड मुलगी. आणि ही बाई एके दिवशी सकाळी उठते, बस पकडते आणि निघून जाते, कायमची. का? कादंबरीत एवढंच: कोट चढवते, मुलीकडे बघते, निघते. पुढे तीनशे पानं आहेत, बाई म्हातारी होते, पण कारण काही सांगत नाही. ताकास तूर लागू देत नाही.

आता पुस्तकात हे खपतं. वाचणारा दोन दिवस डोकं खाजवतो आणि पुस्तक कपाटात ठेवून देतो. पण मालिकेला रोज रात्री जेवणाच्या वेळी लोकांसमोर बसायचं असतं. चॅनेलच्या मॅडम म्हणाल्या, “प्रेक्षकांना कारण लागतं. कारण द्या.” पटकथा लिहिणारा बिचारा रोज एक कारण घेऊन यायचा. सोमवारी तिचा जुना प्रियकर आला. मंगळवारी प्रियकर गेला आणि असाध्य रोग आला. बुधवारी सासू जिवंत झाली. गुरुवारी दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला आणि म्हणाला, “ती जाते ना? मग जाऊ दे! आधी तिला बसमध्ये बसवू, कारण मागाहून बघू.”

आणि खरंच बसस्टँडाचं शूटिंग पहिल्याच आठवड्यात ठरलं, कारण स्टँडवाल्यांनी एकच दिवस परवानगी दिली होती.

त्याच्या आदल्या संध्याकाळी वहीबाईला पत्र आलं.

पत्र तिच्या थोरल्या बहिणीचं. ती घर सोडून गेल्याला तेवीस वर्षं झालेली. चार ओळी. ‘पुढच्या महिन्याच्या अखेरीस चार दिवस तिकडे येणार आहे. स्टँडसमोरच्या लॉजवर उतरेन. तिला मला भेटायचं असेल तर रविवारी चार वाजता खालच्या चहाच्या दुकानात थांबेन. नसेल तर माझं काही म्हणणं नाही.’

‘तिला’ म्हणजे वहीबाईच्या भाचीला. आता भाची कसली, मुलगीच. थोरलीचा नवरा लग्नानंतर दोन वर्षांत गेला, तेव्हा ती तान्हं मूल घेऊन धाकटीच्या दोन खोल्यांत राहायला आली. तीन वर्षं राहिली. आणि एका सकाळी “येते गं” म्हणून जी गेली ती गेलीच. बरं, पळून जायचं तर माणूस कुणाबरोबर तरी जातो! ही एकटी गेली. लोकांनी कुणीतरी असेल म्हणून खूप शोधलं, पण कुणी नव्हतंच. लांबच्या शहरात एका कचेरीत टायपिंग करत एकटी राहिली. पहिलं वर्षभर दोन-दोन ओळींची पत्रं आली, मग तीही थांबली. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. वहीबाई चोवीस. लग्नाचं राहूनच गेलं. कुणी विचारलं तर म्हणायची, “वेळ कुठे होता बाई? पोरीची शाळा सातची.”

भाची आता सत्तावीसची. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. तिने पत्र वाचलं, घडी घातली आणि टेबलावर ठेवलं.

“तू ठरव मावशी,” ती म्हणाली.

“मी काय ठरवू? आई तुझी.”

“मला कुठे ती आठवते? तिला शेवटचं पाहिलंस तू. तूच सांग, भेटण्यासारखी बाई आहे का ती?”

झालं. आली का पंचाईत! कारण वहीबाईने या प्रश्नाचं उत्तर पूर्वीच देऊन ठेवलं होतं. पोर बारा वर्षांची असताना तिने विचारलं होतं, “माझी आई गेली तेव्हा रडत होती का?” आणि वहीबाई खोटं बोलत नसे. गॅलरीतून जे दिसलं होतं ते तिने सांगितलं. “नाही. पाठ होती माझ्याकडे. नीट चालत गेली. केसांत लाल रिबीन बांधली होती.” एवढंच. पण तीस वर्षांची विधवा बाई पोर टाकून जाते आणि जाताना केसांत लाल रिबीन बांधते, याचा अर्थ काय तो बारा वर्षांच्या मुलीलाही कळतो. त्या दिवसापासून पोरीने लाल रंग अंगाला लावला नाही. पेन्सिलसुद्धा नाही.

आणि खरं सांगायचं तर वहीबाईला ते बरंच वाटलं होतं. कुठल्या बाईला वाटणार नाही? भाची कौतुकाने सगळ्यांना सांगायची, “माझी सगळ्यात जुनी आठवण म्हणजे मावशीची मान. मावशी जमिनीवर बसलीय, मी मागे उभी राहून तिच्या केसांशी खेळतेय, आणि पावडरचा छान वास येतोय.” हे ऐकताना वहीबाई काहीतरी काम काढून तोंड फिरवायची. जे ऐकून बरं वाटतं ते माणूस तपासून बघत नाही.

तर असं हे पत्र पिशवीत घालून ती दुसऱ्या दिवशी स्टँडावर उभी. समोर त्या बाईचं काम करणारी मोठी नटी बॅग घेऊन बसमध्ये चढतेय, पुन्हा उतरतेय, पुन्हा चढतेय. आठ वेळा. आठही वेळा वहीबाईला वाटलं की आता ही मागे वळून बघेल आणि आपल्याला ओळखेल. तिने वहीत लिहिलं: ‘बॅग डाव्या हातात. मफलर दोन वेढे. कोट: बटणं बंद.’

पुढचे पाच आठवडे ती रोज सकाळी ठरवायची, भेटू देऊ नये. आणि रोज संध्याकाळी ठरवायची, आपण कोण अडवणार? भाची एका शब्दाने विचारत नव्हती. त्यामुळे तर आणखीच जीव टांगणीला.

मग तो घर सोडण्याच्या दृश्याचा दिवस उजाडला. घराचा सेट तयार, दिवे लागलेले. आणि एडिटिंगवाला हातात लॅपटॉप घेऊन धावत आला.

“साहेब, स्टँडावरचं बघा. जवळचे शॉट बघा.”

सगळे भोवती जमले. पडद्यावर मोठी नटी बसच्या खिडकीत बसलेली. मफलर जरा सरकलेला. आणि कोटाचं वरचं बटण दुसऱ्या काजात, दुसरं तिसऱ्यात. कोटाची एक बाजू वर, एक खाली. आठही शॉटमध्ये.

दिग्दर्शकाने वहीबाईकडे पाहिलं. “बाई, तुमच्या वहीत काय आहे?”

तिने वही उघडली. “बटणं बंद,” ती म्हणाली.

“बंद तर आहेतच!” कॅमेरामन हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

“अहो, पाच आठवडे आपण हिला टापटीप टापटीप म्हणून दाखवतोय,” दिग्दर्शक ओरडला, “पडद्याची चूण हिला चालत नाही, आणि ही असा कोट घालून गावभर फिरते? बाई, हे तुमच्याकडून?”

वहीबाईच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. पुन्हा शूटिंग करावं तर स्टँड दुरुस्तीसाठी उखडून ठेवलेलं. म्हणजे आता एकच वाट उरली: घरातून निघतानाच बटणं चुकलेली दाखवायची.

मोठी नटी अडून बसली. नाकाने कांदे सोलणारी नव्हती ती, कामाची बाई होती, पण तिला कारण हवं होतं. “मी चुकीची का लावेन? घाईत आहे का मी? घाबरलेय? मला तर आधीच कळत नाही ही जाते का, त्यात आता बटणं!”

“बरं, तालीम तरी करू,” दिग्दर्शक म्हणाला. “कोट घाला. काही सुचलं तर सुचलं.”

तिने कोट चढवला. मुलीचं काम करणारी पोरगी तिथेच होती, खरीच पाच वर्षांची, सकाळपासून कंटाळलेली. तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. ती आली, नटीच्या कोटाला लोंबकळली आणि म्हणाली, “मी लावते, मी लावते.” नटी सवयीने खाली गुडघ्यावर बसली. पोरीने जीभ बाहेर काढून, श्वास रोखून एकेक बटण लावलं. पहिलंच चुकलं, मग सगळीच चुकली. “झालं!” ती म्हणाली. नटीने खाली पाहिलं. हात बटणाकडे गेला. आणि तिने तो मागे घेतला. उठली, बॅग उचलली, दाराकडे गेली.

दिव्यांवरचा माणूस, जो मालिकेतल्या मरणालाही जांभई देतो, त्याने नाक पुसलं.

“हेच!” दिग्दर्शक कुजबुजला. “बस्स, हेच घ्यायचं.”

पटकथावाला आनंदाने उडालाच. “मिळालं की कारण! आता सगळ्यांना कळेल.”

“काय कळेल?” नटी दारातून परत आली. डोळे पुसत होती आणि चिडलीही होती. “मला तर आता काहीच कळेना झालंय! इतकी माया आहे की लेकीने लावलेलं बटणसुद्धा सोडवत नाही, तर मग ही जाते कशाला? आधी निदान दगड म्हणून सोडून देता येत होतं.”

यावर चहा मागवला गेला.

वहीबाई मात्र तशीच उभी होती, वही छातीशी धरून. तिला लाल रिबीन दिसत होती. तेवीस वर्षं दिसत होती तशीच, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून. पण आज तिने ती धंद्याच्या नजरेने पाहिली. रिबिनीचं फूल मधोमध नव्हतंच, एका कानाकडे ओघळलेलं. एक पाकळी लांब, दुसरी आखूड. गाठ बुटाच्या नाडीसारखी, एकावर एक मारलेली. कुठली तीस वर्षांची बाई स्वतःच्या केसांत अशी रिबीन बांधते? आणि ती गेल्यावर तीन दिवस पोर “माझी रिबीन, माझी रिबीन” म्हणून घसा फोडून रडत होती. वहीबाईने घर पालथं घातलं होतं, पलंगाखाली, फडताळामागे. शेवटी बाजारातून नवी आणली, निळी.

दोन्ही गोष्टी ती जन्मभर जवळ बाळगून होती. एकमेकींशेजारी ठेवून कधी पाहिल्या नाहीत. लोकांच्या मनगटावरची घड्याळं बघत फिरली आणि घरचंच दिसलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

‘अरे देवा,’ ती मनात म्हणाली, ‘पोरीला मी काय सांगून बसले!’

लॉजवर ती शनिवारीच गेली, भाचीला न सांगता. म्हटलं, आधी आपण बघू. थोरली खालच्या चहाच्या दुकानात बसली होती. त्रेपन्न वर्षांची, जाड भिंगांचा चष्मा, स्वच्छ इस्त्रीचे कपडे, बसमधली कुठलीही बाई. वहीबाईने रस्त्याने येताना काय काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं. पण दोघी आधी बराच वेळ बसभाड्याविषयी बोलल्या.

“तुझे केस अजून असेच?” थोरली म्हणाली.

“टायफॉइडनंतर वाढवलेच नाहीत. तुला माहितीय की.”

“हो, कॉलेजात असताना झाला होता. बरोबर.”

मग वहीबाईने एकदम विचारून टाकलं. “ताई, तू का गेलीस?”

थोरलीने चष्मा काढून पुसला. “मला वाटलंच होतं तू विचारशील. येताना बसमध्ये मी उत्तर तयार करत होते. तीन झाली तयार. तिन्ही चांगली आहेत. पण खरं त्यातलं एकही नाही गं.”

“म्हणजे?”

“म्हणजे मला माहीत असतं तर मी लिहिलं असतं. रोज सकाळी उठायचे आणि वाटायचं, आज गेलं पाहिजे. का, ते माहीत नाही. मग एक दिवस गेले. वाटलं, आठ दिवसांत परत येऊ. मग परत यायचीही लाज वाटायला लागली. ती मात्र खरी.”

“आणि ती लाल रिबीन?”

“कसली रिबीन?”

“तुझ्या केसांत होती. जाताना. पोरीने बांधलेली.”

थोरलीने कपाळाला आठ्या घातल्या. प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न करत होती, ते दिसत होतं. “नाही गं. रिबीन नाही आठवत. नळ आठवतो. मोरीतला नळ गळत होता आणि मी खाली बादली लावली होती. दोन तास बसमध्ये मला एकच काळजी, बादली भरून पाणी खोलीत येईल आणि पोर घसरेल. आलं होतं का पाणी?”

वहीबाईला नळ आठवेना. तिला, जिला चहाचा कप आठवतो! गळत होता का? बादली होती का? “नाही आलं,” ती म्हणाली, आणि आपण हे खरं बोललो की खोटं, हे तिला स्वतःलाच कळलं नाही.

घरी परतताना तिच्या डोक्याचा भुगा झाला होता. बहीण दगड असती तर सोपं होतं. हंबरडा फोडून पाया पडली असती तर तेही सोपं. ही बाई नळाची चौकशी करते! पटकथावाल्याला सांगितलं असतं तर त्याने राजीनामा दिला असता. आता पोरीला सांगायचं काय? रिबीन सांगावी तर तिला वाटेल, आईचा जीव माझ्यात होता. मग सांगावंच लागेल की आईला ती आठवतसुद्धा नाही. की एकच सांगावं? कुठलं?

पण वीस वर्षांची सवय. जे दिसलं ते सगळं लिहायचं, आपल्या सोयीचं तेवढंच नाही. एकदा बटण सोडलं होतं, तेवढं पुरे झालं.

संध्याकाळी भाची कामावरून आली, हातपाय धुऊन खाटेवर बसली. वहीबाईने तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. लॉजवर गेले होते. का गेली ते तिलाच माहीत नाही. नळ आठवतो. आणि रिबीन. “मी तुला चुकीचं सांगितलं होतं बाळा. म्हणजे रिबीन होती, लालच होती. पण ती नटून गेली नव्हती. रिबीन तुझी होती. वाकडी बांधलेली. तू बांधली असणार. आता तिला आठवत नाही, पण तिने ती सोडली नव्हती. मी पाहिलंय, कोपऱ्यावर वळेपर्यंत होती.”

भाचीने आपले दोन्ही हात वर केले आणि बोटं हवेतच अशी काही हलवली, जणू गाठ मारतेय.

“सुटत होतं,” ती म्हणाली. “मी बांधत होते आणि ते सुटत होतं. मग तिने मान आणखी खाली घातली. पावडर लावलेली मान.” ती थांबली. “मावशी, ती तू होतीस ना? जमिनीवर बसलेली?”

बघा म्हणजे. ‘हो’ म्हणायला काय लागत होतं? एक अक्षर. तेवीस वर्षं त्याच आठवणीवर जगत होती ही बाई. सातची शाळा, गालगुंडं, दहावीची रात्ररात्र जागरणं, सगळं तिने केलं होतं, आणि पोरीच्या मनातला पहिला फोटो तिचा होता. एवढंच मागितलं होतं तिने आयुष्याकडे, आणि तेही न मागता मिळालं होतं. कुणी तपासायला येणार नव्हतं. थोरलीला तर आठवतही नव्हतं!

वहीबाईने आपल्या डोक्यावरून हात फिरवला, मानेपर्यंत. मुठीत येतील एवढेही केस नव्हते.

“माझे केस तेव्हाही एवढेच होते,” ती म्हणाली. “यात रिबीन कुठे बसणार? आणि पावडरने मला शिंका येतात. ती मी नव्हते.”

“नव्हतीस?”

“नव्हते.”

भाचीचे डोळे भरून आले. कशाने ते वहीबाईला कळेना. आई मिळाली म्हणून, की मावशी गेली म्हणून? विचारायचं धाडस झालं नाही. ती उठली आणि उगाच मोरीत जाऊन नळ घट्ट केला. तो गळत नव्हता.

बाहेर आली तेव्हा भाची टेबलावरचं पत्र पुन्हा वाचत होती.

“उद्या चारला ना?”

“चारला.”

“मी जाते.”

“जा,” वहीबाई म्हणाली. “नक्की जा. तुझे निळे कपडे इस्त्री करून ठेवते.”

भाचीने वर पाहिलं. “म्हणजे काय? तू येणार नाहीस?”

“माझं काय काम तिथे? तुम्ही मायलेकी बोला.”

“मावशी, वेडी आहेस का तू?” पोर चिडलीच. “मी तिला ओळखते का? तिथे माझ्या ओळखीचं कुणीतरी नको का?”

वहीबाई खाटेच्या कडेवर बसली. मग ती म्हणाली, “साडेतीनला निघू. स्टँड उखडलंय, वळसा घालून जावं लागतं.”